राब न भाजता एक साल

मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या बहुतेकांना शहापूर ठाऊक असतं ते चहापुरतं. गाडी थांबते, वडापाव येतो, कुणीतरी माहुलीच्या सुळक्यांकडे बोट दाखवतं आणि गाडी पुढे निघते. मीही आयुष्यभर त्यातलाच. बार्शीच्या ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता निवृत्त झालो, तोवर कोकण म्हणजे समुद्र, नारळ आणि सुट्टी अशीच माझी समजूत होती. जिथून समुद्र दिसत नाही आणि नारळ विकत आणावा लागतो, असंही एक कोकण ठाणे जिल्ह्याच्या डोंगराकडेला आहे. ते मला दाखवलं माझ्या मुलीनं.

मुक्ता शेतीचं शिकली. बरी नोकरी मिळत असताना ती एका लहानशा संस्थेत रुजू झाली आणि शहापुरात खोली घेऊन राहू लागली. हवा तापते आहे, पाऊस लहरी होतो आहे, डोंगर बोडके होत आहेत, तेव्हा निदान उभी झाडं तरी वाचवू, असं त्या संस्थेचं म्हणणं. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या बार्शीत तेव्हा अशा गोष्टी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात यायच्या आणि त्या पानावर दुसऱ्या दिवशी भजी यायची. हिच्या आईनं मला फाल्गुनात तिकडे पिटाळलं ते हवेसाठी नव्हे. "तिला स्पष्ट विचारून या, हे आणखी किती दिवस," एवढा एकच निरोप देऊन तिनं माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी भरल्या.

शहापूर

मुक्ताची खोली बाजारात एका दुकानावर होती, आणि ते दुकान सुक्या मासळीचं होतं. जिना चढताना मी नाकाला रुमाल लावला, तशी ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तिसऱ्या दिवशी वास येत नाही. चौथ्या दिवशी आवडायला लागतो." आमच्याकडे मटण खातात, पण मासा म्हणजे नदीचा आणि तोही पाहुणा आला तरच. त्या संध्याकाळी तिनं कांदा घालून सुकट परतली आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली. भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, पण हातात घेतली की मोडायची. मी ज्वारीच्या भाकरीचा माणूस. भाकरीनं जरा दातांशी भांडलं पाहिजे असं मला वाटतं. सुकट मात्र दोनदा मागून घेतली. वास आवडायला चौथ्या दिवसाची वाट बघावी लागली नाही.

जेवताना तिनं मला राबाची गोष्ट सांगितली. भाताचं रोप करायचं असतं त्या तुकड्यावर आधी झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण आणि वर माती असे थर घालतात आणि पावसाळ्याआधी ते पेटवून देतात. जमीन भाजली की तण मरतं, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं, आणि त्यावर उगवलेलं रोप अलगद उपटता येतं. याला राब भाजणं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे. पण त्यासाठी दर फाल्गुनात माणसं झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून सगळ्या फांद्या उतरवतात. मुक्ताचं काम हे, की राब न भाजता, नुसत्या शेणखतावर रोप करून बघायला कुणाला तरी तयार करायचं. गेली दोन वर्षं ती गावोगाव फिरत होती आणि अजून एकही घर तयार झालेलं नव्हतं.

मी जन्मभर पोरांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. कशाचाही खर्च बघा, लाभ बघा, आणि मग विचारा की खर्च कुणाच्या घरातून जातो आणि लाभ कुणाच्या घरात येतो. तेच मी तिला विचारलं. एका वाडीच्या राबाच्या धुरानं पृथ्वी किती तापते? ती म्हणाली, फारशी नाही. मग मुंबईच्या गाड्या आणि कारखाने सोडून तुम्ही या लोकांच्याच मागे का? ती म्हणाली की झाडं राहिली तर माती राहील, झरे राहतील, ते या लोकांच्याच कामाला येईल, आणि जगात कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. मी म्हणालो, लाभ वीस वर्षांनी आणि खर्च यंदा. ती म्हणाली, "हो बाबा. तेच तर अवघड आहे."

या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते आणि इथल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टेकड्या उतरतात, हे मी पुढच्या दोन दिवसांत डोळ्यांनी बघितलं. दूरच्या माणसांसाठी सोसायची या लोकांना सवयच आहे, असं मी तिला म्हणालो, आणि तिला ते लागलं. आईचा निरोप मी त्या रात्री दिला नाही.

किन्हवलीचा रस्ता

सकाळी आम्ही जीपनं निघालो. आमच्याकडे जीप भरली असं म्हणतात तेव्हा इथे ती अर्धी झालेली असते. माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंनी त्यांची कोंबडी हक्कानं ठेवली आणि किन्हवलीला उतरताना "जड झाली काय हो" अशी चौकशीही केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती आणि त्यांच्या बांधांवर मोहाची फुलं वेचायला लहानथोर वाकले होते. आमच्या माळरानाला सरावलेल्या माझ्या डोळ्यांना हे सगळं फार भरलेलं वाटलं. मग मुक्तानं दाखवलं म्हणून दिसलं: टेकड्यांवरची झाडं झाडांसारखी नव्हतीच. उंच सरळ खोड, आणि वर शेंड्याला चार काटक्या. दर साली फांद्या उतरवल्यामुळे ती डोंगरभर रोवलेल्या खांबांसारखी दिसत होती.

सरळगावला आम्ही गाडी बदलली, वैशाखऱ्याला उतरलो आणि तिथून डोंगराच्या अंगानं पायवाटेनं वर चढलो. समोर माळशेजच्या कड्यांची भिंत. मी वाटेत चार ठिकाणी देखावा बघायला थांबलो. खरं तर धापेला थांबलो होतो, पण देखावाही खराच होता. वर पंधरावीस घरांची वाडी. त्यातल्या शेवटच्या घरी आमचा मुक्काम होता.

वाडी

घर वाळकूदादांचं. वय माझ्याच आसपास, बांधा काटक, पण चालताना काठी आणि डाव्या अंगाला झोल. मागल्या साली राबासाठी ऐनाच्या झाडावर चढले असताना ते पडले आणि खुबा मोडला. त्यांच्या बायको चांगुणाबाई, कमी बोलणाऱ्या, कामाचा हात न थांबवता सगळं ऐकणाऱ्या. एकच मुलगा विलास, विशी ओलांडलेला. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला होता. राब तोडायचे दिवस आले म्हणून रजा टाकून घरी आला होता. वडलांना आता चढता येत नव्हतं. म्हणजे उद्यापासून त्यानं चढायचं होतं.

दुपारी जेवायला नाचणीची भाकरी, वालाची आमटी आणि तळलेली मिरची. मी माझी शेंगदाण्याची चटणी पुढे केली, तिचं कौतुक झालं. वाळकूदादांनी बोटभर चाखून विचारलं की तुमच्याकडे भात नाय तर राब पण नाय, मग फाल्गुनात माणसं करतात काय? मी म्हणालो, ज्वारी काढतात आणि उरलेला वेळ बोलतात. ते हसले. माणूस हसरा होता. मुक्तावर मात्र त्यांचा राग होता आणि तो ते लपवत नव्हते. ही ताई चांगली आहे, पण घरात भात भरून देणार नाही, असं त्यांनी मला तिच्यासमोरच सांगितलं.

उन्हं कलल्यावर विलास मला डोंगरातली त्यांची झाडं दाखवायला घेऊन गेला. वाटेत मी एका आंब्याला टेकून उभा राहिलो आणि तांबड्या झाडमुंग्यांनी माझ्या सदऱ्यात शिरून माझा पाहुणचार केला. मी सदरा काढून झटकत होतो तेव्हा विलास पोट धरून हसत होता. त्याच हसण्याच्या भरात तो एका ऐनावर चढला. मला काही कळायच्या आत तो इतका वर होता की मला मान मागे टाकावी लागली. अनवाणी, खोडाला तळवे लावून, जिना चढावा तसा. वरून त्यानं मला त्याची कंपनी कुठल्या दिशेला आहे ते हात सोडून दाखवलं. मी खालून ओरडलो की अरे, धर.

खाली आल्यावर मी विचारलं, बाबा याच झाडावरून पडले का? त्यानं मान डोलावली आणि खोडावर माझ्या डोक्याच्या थोडं वर हात ठेवला. "वरून नाय पडले सर. उतरत व्हते, हितनं पाय सुटला. लहानपनापासनं चढतायत, कवा काय झाला नाय. आनि हितनं." मग म्हणाला की आपल्याला भीती वाटत नाही, उलट शिफ्टमध्ये यंत्रापुढे उभं राहण्यापेक्षा हे बरं. मला त्याचं बोलणं पटलं आणि म्हणूनच काळजी वाटली. मला एकच मुलगी आहे, ती झाडावर चढत नाही, तरी ती एकटी एसटीनं कुठे निघाली की मला झोप लागत नाही.

संध्याकाळी अंगणात दहाबारा माणसं जमली. मुक्ता त्यांच्यात खाली बसली आणि तिनं आपलं म्हणणं मांडलं. बरं मांडलं. पाऊस पूर्वीसारखा येत नाही हे तिनं सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं. मृग कोरडा जातो आणि नको तेव्हा ओततो, याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. वाद पुढचा होता. वाळकूदादांचा चुलतभाऊ गोमा, सडपातळ आणि जिभेला धार असलेला, त्यानं विचारलं की आमी राब भाजायचा सोडला तर मुंबईवाले गाड्या सोडनार काय? मुक्ता म्हणाली, नाही सोडणार. सगळे हसले, तीही हसली. मग एक म्हातारी म्हणाली की राब नाही भाजला तर तण येणार, आणि ते तण ही ताई नाही, आमच्या सुना वाकून काढणार. मुक्ता म्हणाली, खरं आहे.

मग वाळकूदादा बोलले. काठी दोन्ही हातांत धरून, शांतपणे. "ताई, एकच सांग. भात नाय झाला तर आमी वरीसभर खायाचा काय?"

तिनं काहीतरी आधाराचं बोलावं असं मला मनापासून वाटलं. संस्था बघेल म्हणावं, होईल हो दादा म्हणावं. मी असतो तर म्हणालो असतो. मुक्ता म्हणाली, "मला माहीत नाही, दादा. दुसरीकडे झालंय. इथं होईल असं मला वाटतं. पण खात्री नाही देता येणार."

माणसं एकेक करून उठली. गोमा जाताना मला म्हणाला की तुमची पोरगी खोटं बोलत नाय, पण खऱ्यानं चूल पेटत नाय. मुक्ता उंबऱ्यावर बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसलो. मी तिला विचारलं की भाकरी खाल्लीस का.

सकाळी गोंधळानंच जाग आली. विलासचा कोयता सापडत नव्हता. कोयता अडकवायला कमरेला बांधायचा आकडा होता, दोर होता, कोयता नव्हता. विलासनं माळा शोधला, परसदार शोधलं. वाळकूदादांनी आधी त्याला बोल लावले, मग शेजारच्या पोरांना, मग गोमाला, की यानंच नेला असणार. चांगुणाबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. हा सगळा आरडाओरडा चालू असताना त्यांनी मला दुसरा चहा विचारला. शेवटी अंगणातल्या डालग्याखालची कोंबडी ओरडायला लागली म्हणून विलासनं डालगं उचललं, तर खुडूक कोंबडी कोयत्यावर अंडी उबवत बसावं तशी बसली होती.

कोंबडीनं कोयता नेला नव्हता, एवढं सगळ्यांना कळलं.

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोऱ्याच बोलल्या. औंदा या घरातनं झाडावर कोणी चढायचं नाही. खाली पडलेला पाला आणि शेण गोळा करून जेवढा होईल तेवढा राब भाजू, अर्ध्याला पुरेल. उरलेला अर्धा ताई सांगते तसा करू. वाळकूदादांनी विचारलं, आणि रोप कमी पडला तर? त्या म्हणाल्या, कमी लावू. ते म्हणाले, आनि कमी खाशील? त्या म्हणाल्या, "खाईन. तुमी पडलात तवापासनं माज्या घशाखाली तसापन उतरत नाय."

वाळकूदादा काठी घेऊन उठले आणि अंगणाच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. विलासनं कोयता पुसून माळ्यावर ठेवला. त्याचं तोंड उतरलं होतं. चारचौघांत आईनं अडवलं हे त्याला लागलं होतं. मुक्ता आनंदानं काही बोलणार होती, पण तिनं चांगुणाबाईंच्या पाठीकडे बघितलं आणि चुलीशी बसून भाकऱ्या भाजू लागली. हवा तापण्याचं कारण त्या घरात कुणी मानलं नव्हतं. एका आईनं आपलं पोरगं खाली ठेवलं होतं, आणि त्यापायी एका घराचा वर्षाचा भात पणाला लागला होता. परतीच्या वाटेवर मुक्ता घाबरली होती. मी तिला धीर दिला. मी स्वतः तिच्याहून जास्त घाबरलो होतो.

मुरबाड, आषाढात

आषाढात मुक्ताचा फोन आला. ये म्हणाली नाही. सगळं ठीक आहे असं दोनदा म्हणाली, म्हणून मी निघालो. हिच्या आईनं यावेळी निरोप दिला नाही, भाकरीच जास्त दिल्या.

या खेपेला कल्याणहून एसटीनं मुरबाडला उतरलो. पाऊस असा की स्टँडवरची माणसं छत्र्या मिटून उभी होती, कारण छत्रीचा उपयोग नव्हता. विलास रात्रीची शिफ्ट सुटल्यावर मला घ्यायला आला होता. त्यानं मला भजी खायला घातली आणि मगच सांगितलं. पाल्यावर भाजलेल्या अर्ध्या राबात रोप छान आलं होतं. न भाजलेल्या अर्ध्यात भातासारखंच दिसणारं गवत माजलं होतं. ताई कित्येक दिवस वाडीवरच राहून आईबरोबर ते निंदत होती. "रोप हाय सर, पन बारीक हाय. खालचा खाचर बहुतेक रिकामा राहील." मी विचारलं, बाबा काय म्हणतात? तो म्हणाला, बाबा काही म्हणत नाहीत, तेच वाईट आहे.

माळशेजच्या गाडीत आमच्याबरोबर धबधब्यात भिजायला निघालेली शहरातली तरुण मंडळी होती. गाणी चालली होती, मजेत होती बिचारी. वैशाखऱ्याला आम्ही दोघंच उतरलो.

वाडी ओळखू येईना. सगळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत पाणी आणि माणसं. इथे लावणीला आवणी म्हणतात. घरात कुणीही नव्हतं; चुलीवर झाकून ठेवलेला टाकळ्याच्या भाजीचा वाडगा आणि गार भात विलासनं मला वाढला आणि आम्ही तसेच शेतावर गेलो.

मुक्ता गुडघाभर चिखलात होती. पानांचं इरलं पाठीवर, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून ती हसली, पण तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. न भाजलेल्या जमिनीतलं रोप मुळांनी माती धरून बसलं होतं. ओढलं की तुटायचं. चांगुणाबाई एकेक रोप बोटांनी माती सैल करत काढत होत्या. वाळकूदादांना चिखलात उतरता येत नव्हतं, म्हणून ते बांधावर बसून काढलेल्या रोपांच्या मुठी बांधत होते. मी पँट दुमडून उतरलो, लगेच एक चप्पल चिखलानं खाल्ली. ती अजून तिथंच असेल.

दुपारी आम्ही शिदोरी खायला वरच्या ऐनाखाली बसलो. विलासनं मला फाल्गुनात चढून दाखवलं होतं तेच हे झाड, पण मला ते सांगावं लागलं. पानांनी गच्च भरलं होतं. खाली पाऊस थेंबाथेंबानं उतरत होता आणि आमचा भात कोरडा राहिला होता. चांगुणाबाई हात धुऊन वर बघत बसल्या. म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवापासनं ह्याला पानानं भरलेला बघला नवता." वाळकूदादांनीही वर बघितलं. ते जन्मापासून इथलेच. त्यांनी तरी कधी बघितलं असावं की नाही कोण जाणे. मग त्यांनी माझ्याकडून शेंगदाण्याची चटणी मागून घेतली.

जेवण झाल्यावर वरची खाचरं लावून झाली आणि रोप संपलं. अगदीच संपलं. खालचं मोठं खाचर नांगरून, चिखल करून तयार होतं आणि त्यात लावायला काही नव्हतं. सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरी प्रत्यक्ष बघताना वेगळं वाटलं. त्यात आकाश दिसत होतं, इतकं ते मोकळं होतं. घराच्या तीनचार महिन्यांच्या भाताची ती जागा. मुक्ता बांधावर उभी राहून बघत राहिली.

तेवढ्यात वरच्या वाटेनं गोमा उतरताना दिसला. डोक्यावर रोपांच्या मुठींचा भारा, त्याच्यामागे त्याची बायको, तिच्याही डोक्यावर भारा. त्यामागे आणखी दोन घरच्या बायका, आणि फाल्गुनात तणाबद्दल बोललेली ती म्हातारी, जिच्या हातात चारच मुठी होत्या. आवणी झाल्यावर उरलेलं रोप इथे कुणी विकत नाही. बांधावर ठेवतात आणि कमी पडलेला माणूस उचलून नेतो. पण हे उरलेलं नव्हतं. गोमाच्या स्वतःच्या दोन खाचरांची आवणी अजून बाकी होती, हे मी येतानाच बघितलं होतं.

गोमानं भारा बांधावर टाकला आणि वाळकूदादांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं. माझाही पोरगा दर साली झाडावर चढतो. औंदा तुमी करून बघितलात, पुढल्या साली माझा अर्धा राब तसाच ठेवीन, आणि रोप कमी पडला तर तुमी मला द्यायचा. त्याच्या पुढल्या साली आणखी कुणी. सावडीनं, आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबतो, तसं हे पण सावडीनं. "एका घरानं मरायचा नाय," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. मी वर्गात कित्येक वर्षं जो प्रश्न फळ्यावर लिहीत आलो, खर्च कुणी सोसायचा तो, त्यावर या माणसांनी कुठे तरी, बहुधा माझ्या मुलीच्या पाठीमागे, आपसांत बसून बोलून घेतलं होतं. राब न भाजणं बरं की वाईट याचा निकाल त्यांनी लावला नव्हता. मला फार बरं वाटलं आणि मी ते त्यांना सांगितलंही. गोमा म्हणाला, बरा वाटला तर उतरा चिखलात.

मुक्ताला मात्र रडू फुटलं. इतके दिवस तिनं आवरून धरलं असणार. ती चांगुणाबाईंजवळ चिखलातच उभी राहून रडत होती आणि सांगत होती की मावशी, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं तुम्हाला लोकांच्या दारचं रोप घ्यावं लागलं. मी पुढे जाणार होतो. चांगुणाबाईंनी मला हातानंच थांबवलं. त्यांनी आपला चिखलाचा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"रडू नको गो बाय. रोप मागून मिळतो. पोरगा पडला असता तर मी कोनाच्या दारात मागायला गेले असते?"

बांधावर वाळकूदादांचे मुठी बांधणारे हात थांबले. खाली त्यांचा विलास गोमाचा भारा सोडत होता, त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मुक्तानं ओल्या बाहीनं डोळे पुसले, त्यानं तिच्या तोंडाला चिखल आणखीच लागला. मग वाळकूदादांनी एक मूठ उचलली आणि खालच्या खाचरात, नेमकी तिच्यासमोर टाकली. "घे ताई," ते म्हणाले, "पाऊस हाय तवर लावून घे."